फायबर गंजत नाही, पण फायबरखाली काय आहे ते आधी बघा

या वेळचं पत्र लांबलचक होतं, कामापुरतं कापून देतोय.

"मी मूळचा साताऱ्याचा, सध्या वेल्समध्ये न्यूपोर्टजवळ राहतो. कार्मार्थनशायरमधल्या एका शेतावरच्या शेडमधून १९७१ सालची गिल्बर्न इन्व्हेडर मार्क टू घेतली. गाडी वीसेक वर्षं जागची हललेली नाही. रंगाला जाळी पडलीय, बॉनेटवर चांदणीच्या आकाराच्या चिरा आहेत, उजवं दार उघडलं की खाली लोंबतं. नवी बॅटरी लावून बघितली तर इंडिकेटर दिला की ब्रेकचे दिवेही मिणमिणतात. विकणारा म्हणाला फायबरची बॉडी आहे, गंजायचा प्रश्नच नाही, रंग मारा आणि फिरवा. इथला एक रिस्टोरेशनवाला म्हणतो बॉडी चॅसीवरून पूर्ण उचलून घेऊ, त्याशिवाय काम नीट होणार नाही. बायको म्हणते हे भंगार विकून टाक. मी पेंट रिमूव्हरचे दोन डबे आणलेत, या शनिवारी सुरुवात करू का? आणि इंजिन एकदा स्टार्टर मारून बघू का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, 'नाही'. शनिवारी डबेही उघडू नका आणि स्टार्टरही मारू नका. कारण सांगतो, पण त्याआधी ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी.

गिल्बर्न ही वेल्सची स्वतःची गाडी. पॉन्टिप्रिडजवळ जाइल्स स्मिथ नावाचा एक खाटीक आणि फायबरग्लासचं काम येणारा बर्नार्ड फ्रीस नावाचा जर्मन इंजिनियर, या दोघांनी १९५९ मध्ये पहिली गाडी खाटकाच्या दुकानामागे बांधली आणि दोघांच्या नावाचे तुकडे जोडून तिला नाव दिलं. पुढे लॅन्टविट फार्डरला जुन्या कोळसा खाणीच्या जागेत कारखाना टाकला. बऱ्याच गाड्या किट म्हणून विकल्या जायच्या, म्हणजे गिऱ्हाईकाने घरी नेऊन उरलेलं फिटिंग स्वतः करायचं, कारण तशा गाडीवर पर्चेस टॅक्स लागत नव्हता. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली, कंपनीही त्यानंतर फार टिकली नाही. सगळ्या मॉडेल्सच्या मिळून हजाराच्या आसपासच गाड्या बनल्या. तर तुमच्याकडे जे आहे ते खरंच दुर्मिळ आहे, वहिनींना एवढं तरी सांगा. (किंमत मात्र दुर्मिळपणाच्या मानाने येत नाही, तेही सांगा, नाहीतर नंतर ऐकून घ्यावं लागेल.)

किट गाडी होती याचा आणखी एक अर्थ तुमच्या कामाचा आहे. तुमची गाडी १९७१ मध्ये कुणीतरी आपल्या घरच्या गॅरेजमध्ये जोडलेली असू शकते, त्यामुळे वायरिंग कुठून नेलंय, पेट्रोलचा पाइप कुठून गेलाय, कुठला बोल्ट कुठल्या गाडीचा आहे हे प्रत्येक गाडीत वेगळं सापडतं, आणि मॅन्युअलमध्ये असं नाही म्हणून घाबरून जायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. फायबर गंजत नाही हे विकणारा खरं बोलला, पण अर्धंच बोलला. गाडीला उभं ठेवतं ते खालचं चौकोनी नळ्यांचं स्टीलचं चॅसी, आणि ते अगदी बाकीच्या सगळ्या ब्रिटिश गाड्यांसारखंच गंजतं. उलट जास्त वाईट. पत्र्याच्या गाडीत गंज वर फुगून दिसतो, दाराखाली भोक पडतं, मालकाला कळतं. फायबरच्या गाडीत वर सगळं चकाचक आणि खाली नळी कागदासारखी पातळ, वरून कीर्तन आतून तमाशा. म्हणून या गाड्या घेताना आणि दुरुस्त करताना नजर आधी खाली गेली पाहिजे, रंगाकडे सगळ्यात शेवटी.

गाडी चांगल्या मजबूत ॲक्सल स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, चॅसी कुजलेलं असेल तर जॅक आत घुसतो आणि मग सल्ला द्यायला मला कुणी उरणार नाही. वायर ब्रशने चिखल आणि जुनं अंडरसील (गाडीच्या पोटाला फासलेलं गंजरोधक लेपण) काढा, मग छोटी हातोडी घेऊन नळ्यांवर वीत-वीत अंतरावर टकटक करत जा. चांगलं स्टील खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं, आणि जिथे आवाज बदलला तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर जोरात टोचून बघा. हळूच नाही, जोरात. आरपार गेला तर जाऊ दे, ते भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते आधीच होतं. चाकांच्या मागच्या बाजूला जिथे पाणी उडतं तिथे, बॉडीला आधार द्यायला बाजूला निघालेल्या आउटरिगर नळ्या, सस्पेन्शनचे माउंटिंग, आणि मुख्य म्हणजे जिथे फायबर नळीला गुंडाळून चिकटवलंय त्या जागा नक्की तपासा, तिथे पाणी अडकलं की बाहेर यायला वाट नसते. नळ्या आतून पोकळ असल्याने गंज आतूनही खातो, त्यासाठी फोनला लागणारा स्वस्तातला एंडोस्कोप कॅमेरा घ्या आणि असलेल्या भोकातून आत सोडा. सीट बेल्ट कुठे अडकवलेत तेही बघा. तिथे स्टीलची प्लेट असली आणि ती कुजलेली असली तर बेल्ट असून नसल्यासारखा.

प्रत्येक ठिकाणाचा फोटो काढा, खडूने खूण करा. हे एक वीकेंडचं काम आहे आणि पुढचं सगळं, म्हणजे गाडी ठेवायची की विकायची हेसुद्धा, याच्यावरच ठरणार आहे.

आता तो बॉडी उचलणारा. लोटस इलान या फायबरच्याच दुसऱ्या ब्रिटिश गाडीवर हे चालतं, तिची बॉडी बोल्टने चॅसीवर बसवलेली आहे, बोल्ट आणि वायरी सोडवल्या की चार माणसं शेल उचलून बाजूला ठेवतात. गिल्बर्नची बॉडी चॅसीला चिकटवलेली आहे. उचलायची म्हणजे आधी कापायची, आणि एकदा कापलेलं शेल मोकळं झालं की ते जागच्या जागी राहत नाही, पसरतं, वाकतं, मग परत बसवताना दारं बसत नाहीत, काच बसत नाही. आणि काच फुटली तर? मेकॅनिकल पार्ट फोर्ड आणि एमजीकडचे असल्याने मिळतात, पण बॉडीची काच आणि ट्रिम शोधताना नाकी नऊ येतात. चॅसी पूर्णच गेलं असेल तर वेगळी गोष्ट, पण दोनचार आउटरिगर आणि थोडी नळी बदलायची असेल तर बॉडी जागेवर ठेवून खालून कापून नवा तुकडा वेल्ड करणारा माणूस शोधा. माझं स्पष्ट मत, जो गाडी खालून न बघता पहिल्या भेटीतच बॉडी उचलू म्हणतो त्याने गिल्बर्नवर काम केलेलं नाही. गिल्बर्न ओनर्स क्लबचे मेंबर व्हा आणि तिथल्या लोकांना विचारा, त्यांना कोण कसं काम करतं ते माहीत असतं.

वेल्डिंगबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. फायबरमधले काचेचे धागे धरून ठेवणारं रेझिन पेटतं. आणि पेटलं की काळाकुट्ट धूर करत भराभर पसरतं. पेट्रोलची टाकी आधी गाडीतून बाहेर, बॅटरी सुटी, वेल्डच्या आसपासचं फायबर मागे कापून घेतलेलं, ओल्या गोणपाटाने किंवा वेल्डिंग ब्लँकेटने झाकलेलं, आणि दुसरा एक माणूस अग्निशामक घेऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला नुसता बघत उभा. काम संपलं की लगेच शटर ओढून जेवायला जायचं नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं, कारपेटखाली किंवा अंडरसीलमध्ये धुमसत असतं ते नंतर पेट घेतं. सगळं जोडून झालं की नळ्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारा.

चॅसी झालं की मग बॉडी. तुमच्या रिमूव्हरचं असं आहे की रंग उतरवणारं केमिकल रंग आणि रेझिन यांच्यात भेदभाव करत नाही. ते जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरात, मुरतं, चिरांमधून आतल्या मॅटपर्यंत, म्हणजे काचधाग्यांच्या थरापर्यंत जातं, आणि नवा रंग मारून झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फोड बनून वर येतं. मिथिलीन क्लोराइडवाले कडक रिमूव्हर आता घरगुती वापरासाठी विकायला बंदीच आहे, पण आत्ताच्या सौम्य डब्यावरही फायबरग्लासला चालेल असं स्पष्ट छापलेलं नसेल तर ते दाराच्या लोखंडी बिजागरीला वापरा, बॉडीला नको. सँडब्लास्टिंग तर नावसुद्धा काढू नका, जेलकोटची चाळण होते.

मग रंग काढायचा कसा? हाताने. आधी एका कोपऱ्यात पॉलिश पेपरने हळूहळू गोल घासत जा, खोडातल्या वलयांसारखे एकाबाहेर एक रंगाचे थर दिसतील, म्हणजे किती वेळा रंगवलीय आणि जेलकोट किती खोल आहे ते कळतं. मग रुंद ब्लेडचा स्क्रॅपर कमी कोनात धरून सोलत जायचं. जुना जाड रंग पापुद्र्याने निघतो, बघायला मजा येते खरं सांगायचं तर. शेवटचा थर सँडरने, १२० आणि मग १८० नंबरचा कागद, कडांवर मशीन नाही, हातच, कारण कडेला जेलकोट पातळ असतो. पूर्ण बॉडीला किती दिवस लागतील विचारू नका. गुडघे आणि खांदे दोन्ही बोलायला लागतात.

फायबरमधल्या काचधाग्यांची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क, चष्मा, नायट्राइल हातमोजे, बाह्या मनगटाला टेप लावून बंद. हे कपडे घरच्या कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर सगळं घर आठवडाभर अंग खाजवेल, मग वहिनींच्या मताशी मीही सहमत होईन.

चांदणीसारख्या चिरांबद्दल. नुसती जाळी पडलेली असते ती वरच्या रंगात किंवा जेलकोटमध्ये, पण चांदणी म्हणजे बहुतेक वेळा त्या जागी धक्का बसलेला असतो, बऱ्याचदा आतल्या बाजूने. बॉनेट आपटलं असेल, कुणी कोपर टेकवून वाकलं असेल, आत काहीतरी टेकत असेल. बॉनेट उलटं करून त्याच जागेच्या मागे बघा, मॅट पांढरं पडलेलं दिसलं तर तिथे थर सुटलेत. यावर लांबी भरून घासून रंग मारणारे पुष्कळ भेटतील आणि पहिल्या उन्हाळ्यात तीच चांदणी त्याच जागी परत उगवेल, कारण लांबीत ताकद नसते, चीर खाली तशीच असते.

नीट करायचं तर चीर संपेपर्यंत घासून उघडायची, खड्ड्याच्या कडा उतरत्या करायच्या, जाडीच्या साधारण बारापट लांब उतार, म्हणजे ३ मिमी जाडी असेल तर ३६ मिमी रुंद उतार, अंगठ्याच्या दीडपट तरी. कारण पन्नास वर्षांपूर्वी पक्कं झालेलं रेझिन नवीन रेझिनशी रासायनिक जोड करत नाही, फक्त खरखरीत पृष्ठभागाला पकडून राहतं, तेव्हा पकडायला जागा जेवढी जास्त तेवढं बरं. ॲसिटोनने पुसा, सुकू द्या, मग मॅट. शक्य असेल तिथे मागूनही एक-दोन थर द्या.

आता रेझिन पॉलिएस्टरचं घ्यायचं की इपॉक्सीचं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. इपॉक्सी जुन्या फायबरला जास्त घट्ट चिकटतं हे खरंय. पण मग नेहमीचं चॉप्ड स्ट्रँड मॅट (आखूड तोडलेल्या काचधाग्यांचं) वापरायचं नाही, त्यातले धागे धरून ठेवणारं बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत स्टायरीन नसतं त्यामुळे मॅट नीट भिजत नाही आणि कडक ताठच राहतं. इपॉक्सीबरोबर विणलेलं ग्लास कापड घ्या. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टरचा जेलकोट मारायला जाऊ नका, तो चिकट राहायची भीती असते, थेट इपॉक्सी प्रायमरवर जा. तुमच्या बॉनेटसाठी मी साधं पॉलिएस्टर आणि ४५० ग्रॅमचं मॅट म्हणेन, वर काचधाग्यांचा बारीक टिश्यू, मूळ गाडी त्याचीच आहे आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तेच झेपतं. हार्डनर १ ते २ टक्के, वजन करून, अंदाजे शिंतोडे मारून नाही. ब्रशने फासायचं नाही, ब्रश उभा धरून टेकवत टेकवत मॅट पारदर्शक होईपर्यंत भिजवायचं, मग छोट्या लोखंडी रोलरने हवेचे बुडबुडे बाहेर ढकलायचे. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे हवा आहे.

हे सगळं १५ अंशांच्या खाली आणि दमट हवेत करायचं नाही, आणि तुम्ही वेल्समध्ये आहात. म्हणजे मे ते सप्टेंबर, किंवा गॅरेजमध्ये हीटर आणि डीह्युमिडिफायर. शेडमध्ये इतकी वर्षं उभ्या गाडीचं फायबर ओलावा पिऊन बसलेलं असतं. रंग उतरवल्यावर शेल निदान काही आठवडे कोरड्या उबदार जागेत नुसतं उभं राहू द्या, ओलं फायबर प्रायमरने बंद केलं की तो ओलावा फोड होऊन बाहेर येतोच.

स्वतःला जमत नसेल तर कार पेंटरकडे जाण्याआधी बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे जा. आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या पोरांना ओलं फायबर, सुटलेले थर, उतरता जोड हे रोजचं काम आहे, तसंच कार्डिफ-स्वान्सीच्या बोटयार्डमधल्या लोकांना आहे. गाडीवाल्याला पत्रा कळतो. रंगाचा शेवटचा हात मात्र गाडीवाल्याकडूनच घ्या, टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाची घातक रसायनं असतात, बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय घरी मारायचा रंग तो नाही. आणि त्याला सांगा, भट्टीत पत्र्याच्या गाडीएवढं तापवू नकोस, जास्त उष्णतेने खालच्या मॅटचे धागे वर उमटतात. गडद रंग घेतलात तर उन्हातही तेच होतं, त्यामुळे काळा मनात असेल तर परत विचार करा.

दार लोंबण्याचं कारण बहुतेक बिजागरीच्या मागची स्टीलची प्लेट गंजलीय किंवा तिच्याभोवतीचं फायबर सैल झालंय. नुसता जाड वायसर घालून बोल्ट आवळला तर फायबर चुरडतं. आणि दाराची फट ॲडजस्ट करताना गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी हवी, स्टँडवर असताना चॅसी थोडं वाकलेलं असतं, तिथे अगदी सरळ बसवलेलं दार खाली उतरवल्यावर अडकतं.

मिणमिणणारे दिवे ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, फायबर वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर असते, लुकासच्या पद्धतीत काळी. एक काळी वायर गंजून सुटली की करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो आणि इंडिकेटरबरोबर ब्रेक लाइट नाचतात. हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, बदलायची घाई नको, मागच्या सगळ्या काळ्या वायरींची टोकं साफ करा, एका नव्या जाड वायरने चॅसीवरच्या घासून चकचकीत केलेल्या एका बोल्टला आणा. बहुतेक भुतं इथेच पळतात.

इंजिन फोर्डचं २९९४ सीसी एसेक्स व्ही६, रिलायंट सिमिटर आणि टीव्हीआरमध्येही हेच होतं. मजबूत आहे पण दोन खोडी आहेत. कॅमशाफ्टचा टायमिंग गिअर फायबरचा असतो (हो, इथेही फायबर), जुना झाला की दात तुटतात. आणि ऑइल पंप फिरवणारा षटकोनी दांडा झिजून गोल होतो, मग पंप थांबतो आणि इंजिनचा निकाल लागतो. म्हणून स्टार्टर नको म्हटलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. फिरलं तर पुढचं कव्हर उघडून गिअर बघा, धातूचा नवा गिअर मिळतो, तो बसवा, षटकोनी दांडाही नवा टाका. सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून पंप ड्रिलने फिरवून ऑइल वर चढवून घ्या.

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, एकही न ठेवता, नवे. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. इथेनॉलला चालणारा पाइप घ्या आणि टाकीत शक्यतो कमी इथेनॉलचं सुपर ई५ भरा. फायबरच्या गाडीला आग लागली की मागे फक्त चॅसी उरतं.

राहिलं वहिनींचं. त्यांचं पूर्ण चुकत नाहीये. गाडी तयार झाल्यावर खर्च वसूल होईल हे डोक्यातून काढून टाका, दोघांनी बसून आकडा ठरवा, आणि चॅसीच्या तपासणीनंतर तो आकडा एकदाच बदलायचा. चॅसी वाईट निघालं तर आहे तशी विका, क्लबमध्ये पार्टसाठी तरी गिऱ्हाईक मिळेल, त्यात कमीपणा काही नाही. बरं निघालं तर आधी चालती गाडी, ब्रेक-वायरिंग-पेट्रोलसकट, जुन्याच कळकट रंगात. वहिनींना पेनार्थपर्यंत चक्कर मारून आणा. रंग पुढच्या वर्षी. पूर्ण सुट्या केलेल्या गाड्या डब्यात भरलेल्या अवस्थेतच विकल्या जाताना मी फार बघितल्यात.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्ही५सीवरचा (तिथल्या गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का ते आजच बघा, वेल्डिंगच्या आधी. रस्त्यावर नाही तोपर्यंत सॉर्न करून ठेवा, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवून ठेवा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक म्हणून नोंद केली की टॅक्स लागत नाही, आणि मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, हीही सक्तीची नाही, पण तुम्ही एमओटी कराच, दुसऱ्या माणसाची नजर खालून फिरते. विमा घेताना किंमत आधी ठरवून घेणारी पॉलिसी घ्या, नाहीतर काही झालं तर ते जुन्या अनोळखी गाडीचा जो भाव लावतील तो घ्यावा लागेल. त्यासाठी त्यांना कामाचे फोटो लागतात, बिलं लागतात, म्हणून हातोडी घेऊन खाली शिराल तेव्हापासूनच फोटो काढायला लागा.